साक्षीदाराची पण तपासणी लागते

सुरुवातीलाच कबूल करतो. मी मरत नाहीये. माझं हृदय ठणठणीत आहे, डॉक्टर मॅडमनी स्वतः तपासलंय. तरी मी माझ्या सख्ख्या आजोबांना सांगितलं, की माझं हृदय लहानपणापासून वाढलंच नाही आणि आता माझा काही भरवसा नाही. पुरावा म्हणून एक्स-रे दाखवला. तो एक्स-रे चहावाल्या धोंडीरामनानांच्या गुडघ्याचा होता. आबांनी तो खिडकीशी धरून लय वेळ बघितला आणि म्हणाले, "एवढंसं हाय रे."

हे करायला नको होतं. केलं. आता पुढचं नियमाप्रमाणं.

मी, हर्षल रामदास विधाते, वय बावीस, शिक्षण बारावीपर्यंत (बारावीने मला सोडलं, मी तिला नाही), काम द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये वजन आणि पॅकिंग, राहणार पिंपळगाव बसवंत, तालुका निफाड, जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीनं, कोणाच्या दमदाटीशिवाय आणि काहीही न पिता लिहितोय. निफाडला कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्ट काकांनी मला एक नमुना दिला होता. त्यात 'मन स्थिर व बुद्धी शाबूत असताना' असं होतं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे खोटंय, खोड." म्हणून तेवढं खोडलंय.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलंय असा कागद कोणी पुढं आणला तर ती माझीच खोडी समजावी.

कलम पहिलं. माझी आई वत्सलाबाई हिला बँकेत माझ्या नावावर जे काय असेल ते सगळं. माझी द्राक्ष छाटायची कात्री पण तिलाच, कारण ती आत्तासुद्धा त्याच कात्रीनं दुधाच्या पिशव्या कापते. आई, मावशीकडचे पाहुणे आले होते तेव्हा चहात मीठ पडलं ते मीच टाकलं होतं. पण दिवाळीनंतर परत एकदा पडलं, ते मी नव्हतो. तू मला लाटणं फेकून मारलंस आणि मी हसत हसत पळालो, म्हणून तुला खरं वाटलं. त्याच्यावर पुढं येतोच.

कलम दुसरं. माझी निळी पेटी. तिच्यात रबरी पाल, खाजकुयलीची पुडी, बाळ रडल्यासारखा वाजणारा हॉर्न आणि कुठल्याही कुलपाला न लागणाऱ्या बऱ्याच चाव्या आहेत. ही पेटी श्री. धोंडीरामनाना यांना द्यावी. नाना मार्केटच्या गेटजवळ चहाची टपरी चालवतात आणि आमच्या आबांचे जुने दोस्त आहेत. जुने म्हणजे इतके, की तरुणपणी आबांनी नानांना द्राक्षाच्या क्रेटमध्ये झोपलेलं तसंच टेम्पोत भरून मुंबईला नेलं. नाना जागे झाले ते वाशीच्या मार्केटात, अंगावर बनियन आणि पायात काही नाही. एवढी वर्षं झाली, अजून नाना म्हणतात, "पुंजा, ह्याचा बदला घेतल्याशिवाय मी मरणार नाय." नाना, पेटी घ्या. पण आबांवर वापरू नका. का ते खाली आहे.

कलम तिसरं. टेम्पो.

टेम्पो माझा नाही, त्यामुळं तो मी कोणाला देऊ शकत नाही. टायपिस्ट काका म्हणाले, मग त्याचं नाव कशाला घेतोस? पण त्याच्याशिवाय बाकीचं कळणार नाही. टेम्पो आबांचा आहे. आबा म्हणजे पुंजा सखाराम विधाते. आयुष्यभर त्यांनी द्राक्ष, कांदा, टोमॅटो, एकदा तर कोणाचं तरी लग्नाचं वऱ्हाड वाहिलंय. माझे वडील लांबच्या ट्रकवर असतात, म्हणून मी आबांच्या शेजारच्या सीटवरच वाढलो. खोड्या करायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांचा चष्मा मी टेम्पोच्या हेडलाइटला लावला होता तेव्हा ते चप्पल घेऊन माझ्यामागं पळाले, आणि पकडल्यावर म्हणाले, "दुसऱ्या लाइटला पण लाव की, गाडी काणी दिसतीय."

आबांची आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांची साक्ष. आमच्याकडं जमिनीची वाटणी असो, लग्नाची यादी असो, बैलाचा सौदा असो, लोक म्हणतात, पुंजाबाबाला बोलवा. आबा धुतलेली टोपी घालून जातात, कागद मांडीवर घेतात, सही करतात आणि सहीखाली एक लांब रेघ ओढतात. त्यांनी सही केलेल्या कागदावर आमच्या भागात कधी भांडण झालं नाही. साक्षीला बोलावलं आणि आबा गेले नाहीत, असं मी पाहिलेलं नाही. एकदा तर ताप होता तरी गेले.

आता खरं ते सांगतो. घरात काही हरवलं की हाक एकच, "हर्ष्या!" आणि मी पण नाही म्हणायचो नाही. चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. टेम्पोची चावी फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्यात, सायीखाली सापडली. माझा मोठा भाऊ अमोलदादा ओरडला, "हे ह्याचंच काम!" मला वाटलं, वा, सायीखाली! हे मला कसं सुचलं नाही? घरात हे करणारं दुसरं कोणी असेल असं डोक्यातच आलं नाही. म्हटलं, कदाचित झोपेत केलं असेल. चांगली खोडी बेवारस का सोडायची, म्हणून मी ती माझ्या नावावर घेतली. आबा पण हसले. मीठ पण तसंच. बाथरूमचा नळ रात्रभर वाहिला तो पण तसाच. सगळं माझ्या नावावर, आणि मी खुशीत.

मग नाशिकच्या द्वारका चौकातून आबांचा फोन आला. आबा दुपारी क्रेट पोचवायला नाशिकला गेले होते.

"हर्ष्या, बोर्ड फिरवलेस ना तू?"

"कुठले बोर्ड, आबा?"

"द्वारकेचे. सगळे उलटे लावलेस. आता लय झालं हां. नीट कर, मला घरी यायचंय."

पॅकहाउसचा बोर्ड मी एकदा खरंच फिरवला होता, दादाच्या सासरचे लोक गाडीसकट उसात गेले होते. म्हणून मी आधी हसलो. खरंच हसलो. मागं हॉर्नचा नुसता कालवा ऐकू येत होता. मग मला हसू येईना. म्हटलं, "आबा, टेम्पो कडेला घ्या. खाली उतरून बसा. मी येतो आणि बोर्ड नीट करतो."

मी पोचलो तेव्हा आबा फुटपाथवर बसले होते. एक ट्रॅफिक पोलीस त्यांना बाटलीतलं पाणी देत होता. मला बघून म्हणाले, "केलेस का नीट?"

"केले आबा."

"मग चल."

त्या चौकातून ते माझ्या जन्माच्या आधीपासून टेम्पो नेतायत.

घरी दादानं माझ्या कानाखाली वाजवली. म्हणाला, "तुझ्या फाजीलपणानं म्हातारं खुळं झालं!" दादा नाशिकला कुरिअरच्या ऑफिसात मॅनेजर आहे, त्याचा हात जड आहे. कानाचं काही नाही. पण मग मी अंथरुणावर पडून एकेक खोडी आठवायला लागलो, माझी कुठली आणि माझी नसलेली कुठली. पीठ माझं नाही. साय माझी नाही. दुसरं मीठ माझं नाही. नळ माझा नाही. माझ्यापेक्षा भारी खोड्या घरात कोणीतरी करत होतं, आणि त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. आणि मी मधे उभा राहून सगळं अंगावर घेत होतो, म्हणून त्याला डॉक्टरकडं न्यायचं कोणाला सुचलं नाही.

कलम चौथं. साक्षीदारांबद्दल.

आई म्हणाली, दवाखान्यात चला. आबा म्हणाले, "मी येडा नाय. जे येडे असतील त्यांना न्या." बीपीच्या गोळ्या त्यांना मागं दिल्या होत्या, त्या पण त्यांनी स्वतःच बंद केल्या होत्या. डोकं दुखत नाय तर गोळी कशाला, हा त्यांचा हिशोब. दादा म्हणाला, उचलून नेऊ. आबांना उचलून न्यायचं म्हणजे काय, ते दादाला माहीत नाही, तो ऑफिसात बसतो.

म्हणून मी ही खोडी केली. गुडघ्याचा एक्स-रे दाखवला आणि म्हटलं, "आबा, मला मृत्युपत्र करायचंय. साक्षीदार पाहिजे."

आबांनी एक्स-रे माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "दुसरं कोणी नाय का?"

"आहेत. पण तुमच्यासारखी सही कोणाची नाही."

"हं."

"पण आता नवीन नियम आलाय. साक्षीदाराची पण तपासणी लागते. काळजाची आणि डोक्याची."

"कुठल्या गाढवानं काढला हा नियम?"

"सरकारनं."

"मग असंल," आबा म्हणाले आणि टोपी धुवायला टाकली.

नाशिकच्या डॉक्टर स्वानंदी मॅडमना मी आधीच एकट्यानं भेटून सगळं सांगितलं होतं. त्यांनी आधी मला तपासलं आणि मग झापलं. म्हणाल्या, "मी खोटं बोलणार नाही. तुझ्याबद्दल विचारलं तर सांगता येणार नाही म्हणेन. पण त्यांचं जे काही असेल ते त्यांना खरंच सांगणार. आणि हे तुझं नाटक तू लवकर मिटवायचं." मी हो म्हणालो. अजून मिटवलेलं नाही, ही दुसरी कबुली.

आबांच्या हृदयाचा इको काढला. छातीला जेल लावल्यावर आबा म्हणाले, "ग्रीस करता का?" बीपी बघून मॅडमच्या भुवया वर गेल्या. मग डोक्याची तपासणी. मॅडमनी कोरा कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. आबांनी गोल छान काढला. पण आकडे सगळे एकाच बाजूला गर्दी करून बसले, काही तर गोलाच्या बाहेर पडले. आबांनी कागद लांब धरून बघितला. काहीतरी चुकलंय हे त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मग माझ्याकडं वळले. "हर्ष्या, पेन बदललंस ना तू?"

"हो आबा. मीच."

मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या.

मग त्यांनी आबांना समजावून सांगितलं. की तुमचं हृदय मोठं झालंय, भिंत जाड झालीये. वर्षानुवर्षं बीपी जास्त, त्यामुळं त्याला प्रत्येक ठोका जोर लावून मारावा लागलाय.

"म्हंजे घाटात फुल लोड," आबा म्हणाले.

"हो. आणि तुमचा घाट इतकी वर्षं संपलेलाच नाही. तोच दाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही सोसावा लागतो."

"ठिबकच्या नळ्या."

"तसंच समजा. प्रेशर जास्त झालं की त्या खराब होतात. म्हातारपणी ज्यांचं हृदय असं जाड झालेलं असतं, त्यांच्यात विसरायचा त्रासही जास्त दिसतो. एकामुळेच दुसरं झालं, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण दोन्हीच्या मागं बऱ्याचदा जुना बीपीच असतो. आणखी काही तपासण्या करू. गेलं ते सगळं परत येईल असं नाही आबा. पण गोळ्या रोज घेतल्या तर पुढचं सावकाश होईल, अशी आशा आहे."

आबा सगळं नीट ऐकत होते. मग म्हणाले, "मोठं झालंय म्हणता ना?"

"हो."

"मग त्यातलं थोडं ह्या पोराला द्या. ह्याचं लहान राहिलंय."

मॅडम कागदात काहीतरी शोधायला लागल्या. मी पाणी आणतो म्हणून बाहेर गेलो आणि पाणी न आणता परत आलो.

निघताना मी मॅडमना बाहेर गाठून विचारलं, यांची सही चालेल का? त्या म्हणाल्या, "आज त्यांना कळतंय की आपण कशाला सही करतोय. पुढचं पुढं बघू." आणि टेम्पो चालवायला बंदी घातली. आबांनी पार्किंगमध्ये खिशातून चावी काढली, दोन बोटांत धरली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "फ्रिजमध्ये ठेवू नको."

आता टेम्पो मी चालवतो. आबा शेजारी बसून शिव्या देतात. गिअर, ब्रेक, हॉर्न, सगळ्याला वेगवेगळ्या आहेत, एकही विसरलेले नाहीत.

कलम पाचवं. आबांना या कागदातून काही मिळणार नाही. टायपिस्ट काका म्हणाले, जो साक्षीदार असेल त्याला वाटा ठेवू नये, नंतर लोक शंका काढतात. मी म्हटलं, मग आबांना द्यायचं कसं? काका चष्मा पुसत म्हणाले, "जिवंत आहेस ना? मग हातानं दे की." एवढं सोपं मला सुचलं नव्हतं. त्यामुळं माझा स्पीकर, माझं नवीन ब्लँकेट आणि खिडकीची सीट आबांना देऊन झालंय, त्यावर आता कोणाचा हक्क नाही. तपासणीला न्यायचं, चिंच-गोळ्या आणायच्या, संध्याकाळी मार्केटपर्यंत चालवत न्यायचं, हे पण चालू आहे. नाना पण साक्षीदार आहेत, पण रबरी पालीवर कोण शंका काढणार, म्हणून त्यांची पेटी तेवढी राहू दिलीय.

कलम सहावं आणि सगळ्यात महत्त्वाचं. अमोलदादासाठी.

दादा, तुला माझा फोन. काच फुटलेली आहे, ती तूच त्याच्यावर बसून फोडली होतीस. कानाखाली मारलीस ते मी माफ केलंय, पण विसरलेलो नाही. आता हे दोन वाटे तुला देतो, नीट वाच. नाही म्हणायची सोय नाही.

पहिला वाटा, सकाळची गोळी. आबा त्यांची गोळी एका अटीवर घेतात, की मी पण माझी घ्यायची. "हा लहान काळजाचा घेतो तर मी मोठ्या काळजाचा कसा नाय म्हणू?" म्हणून रोज सकाळी ओट्याजवळ आम्ही दोघं उभे राहतो. आबा बीपीची घेतात, मी लिमलेटची. मग आबा म्हणतात, "जीभ दाखव." एकदा माझी जीभ नारिंगी निघाली तेव्हा मी सांगितलं की औषधाचा रंग आहे. तेव्हापासून पांढरी पेपरमिंट आणतो. तुला मी हेच काम देतो. मला काही झालं आणि आबा असले, तर सकाळी तू तिथं उभा राहायचंस, पेपरमिंट खायची आणि जीभ दाखवायची. तुझं काय बिघडलंय ते तूच ठरव. लिव्हर सांगितलंस तरी त्यांना पटेल, तुझं पोट बघून.

दुसरा वाटा, माझं नाव. ही काही मालमत्ता नाही, त्यामुळं टायपिस्ट काकांचा नियम इथं लागत नाही. घरात काही हरवलं, नळ राहिला, मीठ पडलं, रस्ता सापडेना, तर ते हर्ष्यानं केलं असंच म्हणायचं. मी मेल्यावर पण. आबांनी चष्मा शोधत "हर्ष्या!" अशी हाक मारली, तर तो गेला आबा, आता नाही तो, असलं काही सांगत बसू नका. म्हणायचं, हो आबा, त्यानंच लपवलाय, आता देतो. आणि शोधून द्यायचा. ज्या दिवशी खोडी माझी नाही हे आबांना कळेल, त्या दिवशी ती कोणाची हे पण त्यांना कळेल. घड्याळाच्या कागदाकडं बघताना त्यांचं तोंड कसं झालं होतं, ते मी बघितलंय. तू बघितलेलं नाहीस. परत ते होऊ द्यायचं नाही. माझं नाव तसंही आयुष्यभर यालाच वापरलं गेलंय. झिजत नाही ते.

वर लिहिलेलं सगळं मला मान्य आहे. मी लिहिलंय, मी वाचलंय, आईनं शुद्धलेखन तपासायला मागितलं पण मी दिलं नाही. साक्षीदारांनी आतला मजकूर वाचायची गरज नसते, मी सही करताना बघितलं की पुरे, असं टायपिस्ट काकांनीच सांगितलं. म्हणून मी मजकूर घडी घालून झाकला आणि दोघांच्या समोर सही केली.

धोंडीरामनाना सही करताना म्हणाले, "पुंजा, नीट बघ, नायतर हा पोरगा आपल्याला पण वाशीला पाठवील."

आबा म्हणाले, "धोंड्या, गप. पोराचं मरणाचं काम हाय." मग टोपी सरळ केली, सही केली आणि खाली लांब रेघ ओढली. रेघ थोडी हलली. अक्षर हललं नाही.

सही: हर्षल रामदास विधाते

साक्षीदार:
१. पुंजा सखाराम विधाते (सही, रेघेसकट)
२. धोंडीराम, चहावाले, मार्केट गेट (सही. 'गुडघा आता बरा आहे' असं त्यांनी स्वतःच शेजारी लिहिलंय. मी खोडायला सांगितलं, ऐकलं नाहीत.)

ठिकाण: पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक
तारीख: ९ मार्च २०२५

हा कागद आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवतोय. ज्यानं कोणी तो मी जिवंत असताना उघडला असेल, त्याला हात जोडून सांगतो. वाचलं ते वाचलं, आता घडी घाल आणि परत ठेव. आबा हल्ली धोंडीरामनानांचं नाव अडखळत घेतात. कालचा बाजारभाव आज त्यांच्या लक्षात राहत नाही. पण सकाळ झाली की ओट्याजवळून हाक येते, "हर्ष्या, गोळी घेतलीस का?" एक दिवस चुकलेली नाही. मी बरा आहे हे त्यांना कळलं, तर ते विचारणार नाहीत. आणि विचारलं नाही, तर त्यांची गोळी पण राहील.

आत्ता पण हाक येतीये. जीभ दाखवायला जातो.

पाया पडतो तुमच्या. कोणाला सांगू नका.